देव दिसतो का? आणि बोलतो म्हणतात, ते कुणी तपासायचं?

सोलापुरात ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून दोन प्रश्न हमखास येतात. पहिला नाताळच्या आठवड्यात: "करंज्या तुमच्यातपण करतात होय?" दुसरा वर्षभरात कधीही, पण आवाज जरा खाली आणून: "तुमच्यात देव दिसतो का ओ कुणाला?" विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. दर संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याला जाणारा, आषाढीची पंढरपूरची गर्दी पाहिलेला, घरात कुणाला तरी अक्कलकोटच्या स्वामींचा दृष्टांत झालेला माणूस दर्शनाशिवाय देवाचा विचार करणार कसा? गंमत अशी की हाच प्रश्न ख्रिस्ती लोक एकमेकांनाही पहिल्या काही पिढ्यांपासून विचारत आले आहेत. त्यावरून धर्मसभा भरल्या, माणसं बहिष्कृत झाली, आणि एका पोपला मरणाच्या दारात आपले शब्द मागे घ्यावे लागले.

वादाचं मूळ बायबलातच आहे, आणि तेही एकाच अध्यायात. जुन्या करारातलं निर्गम हे पुस्तक, अध्याय ३३. अकराव्या वचनात म्हटलंय की माणूस आपल्या मित्राशी बोलतो तसा परमेश्वर इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याच्याशी समोरासमोर बोलत असे. तिथून नऊ वचनं पुढे या, विसाव्या वचनात तोच परमेश्वर त्याच मोशेला सांगतो: तुला माझं मुख पाहता येणार नाही, कारण माझं मुख पाहून कोणी मनुष्य जिवंत राहू शकत नाही. मग मधला मार्ग निघतो. मोशेने खडकाच्या कपारीत उभं राहायचं, देव जवळून जाईपर्यंत त्याला आपल्या हाताने झाकणार, आणि पुढे गेल्यावर हात काढणार. पंढरपुरात पदस्पर्शाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी असते. मोशेने मुखदर्शन मागितलं आणि त्याच्या वाट्याला आलं पाठमोरं दर्शन. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण त्यात देव नकार देतो आणि तरी मागणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवत नाही.

त्याआधी अध्याय २४ मध्ये मोशे, अहरोन आणि इस्राएलाचे सत्तर वडील डोंगरावर जातात, तिथे "त्यांनी देवाला पाहिले" आणि मग चक्क खाल्लं-प्यायलं. याकोब रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी झुंजतो आणि सकाळी म्हणतो, मी देवाला समोरासमोर पाहिलं आणि तरी माझा जीव वाचला. यशया म्हणतो, उज्जीया राजा मेला त्या वर्षी मी प्रभूला उंच सिंहासनावर बसलेलं पाहिलं. मालकिणीच्या छळाला कंटाळून रानात पळालेली हागार ही दासी देवाला नाव देते: मला पाहणारा देव. आणि शास्ते पुस्तकातला मानोहा? देवदूत वेदीच्या ज्वालेतून वर गेलेला पाहून तो बायकोला म्हणतो, आपण आता मेलो, आपण देव पाहिला. बायको शांतपणे सांगते, मारायचंच असतं तर आपलं होमार्पण त्याने स्वीकारलं असतं का? मानोहाच्या बायकोचं नाव बायबल देत नाही, पण त्या घरात डोकं कुणाचं चालत होतं ते दिसतंच.

इतकी माणसं "पाहिलं" म्हणतात. मग नवा करार उघडला की योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात वाक्य येतं: देवाला कोणीही कधीच पाहिलेलं नाही. पौलाच्या नावाचं तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र आणखी कडक आहे. देव अगम्य प्रकाशात राहतो, त्याला कोणी माणसाने पाहिलं नाही आणि कोणाच्याने पाहवणारही नाही. झालं का? नाही. कारण डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो, जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य, कारण ते देवाला पाहतील. आणि फिलिप्प या शिष्याने येशूच्या शेवटच्या रात्री "आम्हांला पिता दाखव" म्हणून हट्ट धरल्यावर उत्तर मिळतं: ज्याने मला पाहिलं त्याने पित्याला पाहिलं.

म्हणजे "दिसत नाही", "दिसला", "पुढे दिसेल" आणि "येशूत दिसला" अशी चारही विधानं एकाच ग्रंथात आहेत. ख्रिस्ती धर्मातला हा सगळा वाद या चार विधानांची सांगड कशी घालायची याचा आहे. बायबल मानणारा कुणीच यातलं एखादं विधान सरळ फेकून देऊ शकत नाही. तो फक्त कोणतं विधान वर ठेवायचं आणि कोणतं त्याच्या हाताखाली, एवढंच ठरवू शकतो.

पहिली तोड दुसऱ्या शतकातली आहे. जस्टिन मार्टर या लेखकाने सांगितलं की जुन्या करारात अब्राहामाला, याकोबाला, मोशेला जो दिसला तो पिता नव्हताच. तो पुत्र होता, म्हणजे पुढे जो येशू म्हणून जन्मला तोच. पिता अदृश्य, पुत्र दृश्य, प्रश्न मिटला. आजही सोलापुरातल्या एखाद्या रविवारच्या संदेशात "ते जळतं झुडूप म्हणजे आपला प्रभू येशूच" असं ऐकू येतं, ते या जुन्या तोडग्याचंच रूप. पण चौथ्या शतकात त्यात एक खोट सापडली. पुत्र मुळातच दिसण्याजोगा आणि पिता मुळातच न दिसणारा असं म्हटलं, तर दोघांचा स्वभाव वेगळा ठरतो, आणि मग पुत्र पित्यापेक्षा कमी दर्जाचा म्हणायला वाट मोकळी होते. त्या काळात नेमकं तेच म्हणणारा मोठा पक्ष होता. म्हणून हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याने वेगळं सांगितलं: पिता, पुत्र, आत्मा तिन्ही स्वभावाने अदृश्यच. त्या प्रसंगांत जे दिसलं ते देवाने वापरलेलं निर्माण केलेलं काहीतरी होतं: आग, ढग, देवदूत, माणसाचं रूप. खूण देवाची, पण ती खूण म्हणजे देव नव्हे.

ऑगस्टिनाने आणखी एक उपयोगी वाटणी करून ठेवली. पाहणं तीन प्रकारचं: शरीराच्या डोळ्यांनी, मनात उमटणाऱ्या चित्रांनी (स्वप्नात पाहतो तसं), आणि बुद्धीने, ज्यात चित्रच नसतं, गोष्ट नुसती उमगते. पहिल्यात फसगत होऊ शकते, दुसऱ्यातही, तिसरं सर्वांत खात्रीचं. पुढची हजार वर्षं पश्चिमेकडचे साधुसंत आणि त्यांना तपासणारे अधिकारी हीच मोजपट्टी घेऊन बसले.

हे सगळं पंडितांचं झालं. साध्या भक्ताचं काय झालं याची एक नोंद आहे आणि ती वाचून अजून पोटात कालवतं. साल ३९९. अलेक्झांड्रियाचा बिशप थिओफिलस याने इजिप्तच्या मठांना पत्र पाठवलं: देवाला माणसासारखे हातपाय, चेहरा आहे असं मानणं चूक आहे. वाळवंटात उभं आयुष्य तपश्चर्येत काढलेल्या सेरापियन नावाच्या म्हाताऱ्या साधूला हे पटवायला एक विद्वान डीकन (पाळकाच्या हाताखालचा सेवक) आला. त्याने वचनांवर वचनं देऊन समजावलं, म्हाताऱ्याला पटलं, सगळे आनंदाने प्रार्थनेला उभे राहिले. आणि प्रार्थना करता करता सेरापियन धाय मोकलून रडायला लागला, जमिनीवर पडला: त्यांनी माझा देव माझ्यापासून नेला, आता मी कुणाला धरू, कुणाची भक्ती करू मला कळेना. ही हकीकत लिहून ठेवणारा जॉन कॅसियन स्वतः त्या डीकनच्याच मताचा होता. तरी त्याने ते रडणं गाळलं नाही, हे त्याचे उपकार. देवाचं चित्र मनातून काढून घेतलं की हाताला नेमकं काय उरतं, हा प्रश्न सिद्धांताच्या पुस्तकांपेक्षा त्या म्हाताऱ्याने नीट विचारला.

पुढे पूर्व (ग्रीक बाजूची, आजची ऑर्थोडॉक्स मंडळी) आणि पश्चिम (रोमच्या पोपची) अशी वाट फुटली. मध्ये आठव्या-नवव्या शतकात बायझंटाइन साम्राज्यात येशूची आणि संतांची चित्रं फोडायची की पूजेत ठेवायची यावर रक्त सांडलं. ७८७ सालच्या निकायाच्या दुसऱ्या धर्मसभेने चित्रांच्या बाजूने कौल दिला: देव माणूस होऊन दिसला, तर जे दिसलं ते रंगवता येतं. तो वाद एवढ्यावर सोडतो, कारण खरा पेच पुढचा आहे.

चौदाव्या शतकात ग्रीसमधल्या एथोस पर्वतावरचे साधू एक छोटी प्रार्थना श्वासाबरोबर अखंड म्हणत आणि सांगत की आम्हांला प्रकाश दिसतो, डोंगरावर येशूचं रूप तेजस्वी झालं तेव्हा शिष्यांना दिसला तोच. बार्लाम नावाच्या इटलीकडच्या विद्वानाने त्यांची टर उडवली: डोळ्यांना दिसतं ते निर्माण केलेलं असतं, देव नव्हे. साधूंच्या बाजूने ग्रेगरी पालामास उभा राहिला. त्याने फरक केला तो असा: देवाचं मूळ तत्त्व कुणालाच कधीच कळणार नाही, स्वर्गातसुद्धा नाही. पण देवाची कृती, त्याचं तेज, त्याचं कार्य हेही देवच आहे, निर्माण केलेली वस्तू नव्हे, आणि ते शुद्ध झालेल्या माणसाला या देहात असतानाही अनुभवता येतं. १३४१ ते १३५१ या काळात कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या सभांनी पालामासला उचलून धरलं. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची आजही हीच भूमिका आहे.

पश्चिमेने उलटी बाजू घेतली. थॉमस अक्विनास तेराव्या शतकातच सांगून गेला होता की या देहात असेपर्यंत देवाचं तत्त्व कुणाला दिसत नाही, अपवाद फार तर मोशे आणि पौल. पण मेल्यावर, देवानेच दिलेल्या एका प्रकाशाच्या बळावर, बुद्धीला ते थेट दिसेल. पूर्ण आवाक्यात येणार नाही, पण दिसेल. कधी, यावर मात्र ठिणगी पडली. १३३१ साली पोप बाविसावा जॉन याने प्रवचनांतून सांगितलं की पुण्यवंतांच्या आत्म्यांनाही शेवटच्या न्यायापर्यंत देवदर्शन होत नाही, वाट पाहावी लागते. पॅरिसचे धर्मपंडित खवळले. नव्वदीच्या आसपास पोचलेल्या पोपने १३३४ च्या डिसेंबरात मरणाच्या उंबरठ्यावर ते मत मागे घेतलं. त्याच्यानंतरच्या बाराव्या बेनेडिक्टने १३३६ मध्ये शिक्कामोर्तब केलं: शुद्ध झालेले आत्मे न्यायाच्या दिवसाआधीच देवाला समोरासमोर पाहतात.

तर शेजाऱ्याच्या प्रश्नाचं कामचलाऊ उत्तर असं होतं. ऑर्थोडॉक्स म्हणतो, तत्त्व कधीच नाही, तेज आत्ताही. कॅथलिक म्हणतो, आत्ता नाही, मेल्यावर नक्की. प्रोटेस्टंट बहुतेक म्हणतो, येशूत दिसला तेवढं पुरे, बाकीचं पुढे बघू. आणि खरं सांगायचं तर दिसण्यावरून आज सोलापुरात कुणी कुणाशी भांडत नाही. मिशन काळापासूनची मराठी मंडळी, कॅथलिक, पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणारे), शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू सभा, सगळे एकाच लग्नात एका पंगतीत जेवतात आणि पालामासचं नावही कुणी काढत नाही.

भांडण आहे ते ऐकण्यावर.

कारण साधं आहे. दर्शन झालं तर माणूस गप्प होतो, फार तर साक्ष देतो. आवाज आला की त्यात काहीतरी सांगितलेलं असतं, आणि सांगितलेलं बहुधा दुसऱ्या कुणीतरी करायचं असतं. विजापूर रोडकडच्या एका घरातली प्रार्थनासभा मला आठवते. पोरीला नगरचं स्थळ आलेलं, बोलणी होत आलेली. पाहुण्या आलेल्या एका बाईंनी डोळे मिटले, प्रार्थना लांबली, आणि मध्येच स्वर बदलून त्या म्हणाल्या, "प्रभू मला दाखवतोय, हे लग्न पुढं जाऊ नये." खोलीत चिडीचूप. पोरीची आई रडकुंडीला आलेली, चहा तसाच पडलेला. कोपऱ्यातल्या खुर्चीवरची आजी तेवढी बोलली: "प्रभूला आमच्या घरचा पत्ता ठाऊक हाय की वो बाई. आमच्याकडं का आला न्हाई?" लग्न झालं. सुखाचं झालं की नाही हा या लेखाचा विषय नाही. आजीने विचारलं ते मात्र या संपूर्ण वादाचं मर्म आहे.

आता बायबलात देव बोलतो हे तर उघडच आहे. उलट, 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात मोशे लोकांना बजावतो की तुम्ही शब्दांचा आवाज ऐकलात, आकृती काही पाहिली नाहीत. म्हणजे ऐकण्याचा मान पाहण्याच्या वर. पण तोच ग्रंथ ऐकणाऱ्यांविषयी सावधही आहे. योहानाच्या बाराव्या अध्यायात आकाशातून वाणी होते. जमलेल्यांतले काही म्हणतात मेघगर्जना झाली, काही म्हणतात देवदूत बोलला. एकच आवाज, एकच जागा. लहान शमुवेलाला रात्री हाक ऐकू येते तेव्हा तो तीनदा उठून म्हाताऱ्या पुरोहित एलीकडे पळतो, कारण त्याला ती एलीचीच हाक वाटते. देवाचा आवाज ओळखीच्या माणसाच्या आवाजासारखा वाटला, एवढं तरी बायबल मोकळेपणाने मान्य करतं.

तरीही प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या, काळानंतर देव असा थेट बोलतो का? दुसऱ्या शतकात फ्रुगियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, मोंटानस आणि त्याच्याबरोबरच्या प्रिस्किल्ला, मॅक्सिमिल्ला या दोघी "आत्मा आमच्यातून बोलतो" म्हणू लागल्या आणि मंडळीने त्यांना बाहेर काढलं. तेव्हापासून ही खपली दर काही शतकांनी निघते. १५२१-२२ मध्ये त्स्विकाऊ गावचे "संदेष्टे" थेट प्रकटीकरण (देवाने स्वतः उघड केलेला संदेश) मिळाल्याचं सांगत प्रोटेस्टंट चळवळीचा जनक मार्टिन ल्यूथर याच्या विटेनबर्गला धडकले. ल्यूथर भडकला. अशांपैकी एकाबद्दल त्याने लिहिलं की हा पवित्र आत्मा पिसांसकट गिळून बसलाय. (पवित्र आत्मा कबुतराच्या रूपात उतरला होता, त्यावरचा हा टोमणा.) ल्यूथरचं म्हणणं: देव आपल्याशी बोलतो तो बाहेरून येणाऱ्या वचनातून आणि बाप्तिस्म्यासारख्या संस्कारांतून. आतून येणाऱ्या आवाजात देव, सैतान आणि माझं स्वतःचं पोट यांतलं कोण बोलतंय ते मला कसं कळणार? १६४० च्या दशकात इंग्लंडात लिहिल्या गेलेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीने याच धर्तीवर सांगितलं की प्रकटीकरणाच्या पूर्वीच्या रीती आता थांबल्या आहेत. त्याच दशकात, त्याच इंग्लंडात, जॉर्ज फॉक्स या तरुणाने आपल्याशी वाणी बोलल्याचं सांगितलं आणि क्वेकर पंथ उभा राहिला. इतिहासाला विनोदबुद्धी आहे ती अशी.

आपल्याकडचा धागा याहून जवळचा. पुण्याहून सोलापूरला येणाऱ्या रेल्वेवर दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं. तिथल्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनात १९०५ च्या जूनमध्ये जे झालं ते पेंटेकॉस्टल चळवळीचा उगम मानल्या जाणाऱ्या लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटच्या जागृतीच्या आदल्या वर्षीचं. तिथे काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी नोंदवलंय की पहाटे मुलींच्या खोलीत एका मुलीभोवती आग दिसली म्हणून दुसरी मुलगी पाण्याची बादली आणायला धावली, आणि पाणी ओतणार तोच लक्षात आलं की ती जळत नाहीये. त्यानंतर रडणं, मोठ्याने पापकबुली, पुढे अन्य भाषांत बोलणं. जगभरच्या पेंटेकॉस्टल चळवळीचा इतिहास सांगताना अभ्यासक आता केडगावचं नाव घेतात. आपल्या भागातली "आत्म्याने भरलेली" उपासना सगळी कालपरवा अमेरिकेहून आली, असं नाक मुरडून म्हणणाऱ्या आमच्या जुन्या मंडळीतल्या लोकांनी हे ध्यानात घ्यायला हवं.

कॅथलिक मंडळी इथे मधली आणि, माझ्या मते, सर्वांत हिशेबी भूमिका घेते. सर्वांसाठीचं प्रकटीकरण येशूबरोबर पूर्ण झालं, त्यात भर पडणार नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये पुन्हा सांगितलं. पण खासगी प्रकटीकरण होऊ शकतं. ते कुणावरही बंधनकारक नाही. लूर्दला १८५८ मध्ये बर्नडेट या मुलीला दिसलेली येशूची आई मरिया चर्चने मान्य केली आहे, तरी एखादा कॅथलिक म्हणाला की मला काही ते पटत नाही, तर तो धर्माबाहेर जात नाही. स्पेनची आविलाची तेरेसा सोळाव्या शतकात स्वतः असे शब्द ऐकायची, आणि तिनेच ते तपासायच्या खुणा लिहून ठेवल्या. शब्दांत अशी ताकद असते की ते म्हणतात ते घडतं, घाबरलेलं मन लगेच शांत होतं, आणि ते शब्द वर्षानुवर्षं विसरत नाहीत. आणि तरीही आवाज एक सांगतोय आणि गुरू दुसरं, तर गुरूचं ऐक. मनाने खचलेल्या, आजारी माणसाला असं ऐकू येत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, पण तुझ्यात सैतान आहे असंही म्हणू नका, आजारी माणसाचं ऐकावं तसं ऐका, हेही तिचंच. तिचा सहकारी क्रूसाचा योहान त्याहून रोखठोक: देवाने जे बोलायचं ते सगळं पुत्रातून एकदाच बोलून टाकलं. आता नवी वाणी मागणं म्हणजे त्याच्याकडे डोळेझाक करणं.

आवाज ऐकू येणं म्हणजे वेड, असं आजचं वैद्यकशास्त्रही सरसकट म्हणत नाही. १९७१ मध्ये वेल्समधल्या डेवी रीस या डॉक्टरने जोडीदार गमावलेल्या जवळजवळ तीनशे जणांशी बोलून लिहिलं की त्यांतल्या सुमारे निम्म्यांना गेलेल्या माणसाची चाहूल कुठल्या ना कुठल्या रूपात लागली होती, काहींना आवाजही. अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया, घानातलं अक्रा आणि आपलं चेन्नई इथल्या प्रत्येकी वीस मनोरुग्णांना त्यांच्या आवाजांबद्दल विचारलं. अमेरिकन रुग्णांचे आवाज बहुतेक हिंसक, परके. चेन्नईतल्या बऱ्याच जणांना नातेवाईक ऐकू यायचे, कामं सांगणारे, रागवणारे. अक्रात अनेकांना देव. याच लुहरमन यांनी निरोगी, श्रद्धाळू ख्रिस्ती लोकांमध्येही वर्षं काढली आणि दाखवलं की मनात देवाशी बोलण्याचा रोजचा सराव केला की स्वतःच्या विचारांतला एखादा विचार "हा माझा नव्हे" असा वेगळा जाणवू लागतो. यावरून नास्तिक म्हणतो, बघा, सगळा मेंदूचा खेळ. भक्त म्हणतो, बघा, कान तयार करावा लागतो. दोघंही घाई करतात. कान कसा तयार होतो हे कळल्याने बोलणारं कोण आहे हे ठरत नाही.

एक गोष्ट मात्र वादापलीकडची. आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल, झोप उडाली असेल, किंवा चालू असलेल्या गोळ्या बंद करायला सांगत असेल, तर मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जायचं, त्याच आठवड्यात. प्रार्थनाही करा, गोळ्याही घ्या. यावर तेरेसाचीसुद्धा हरकत नसती.

आता पुन्हा "दुसऱ्यासाठी आलेल्या" आवाजाकडे. बायबलात याच विषयावर एक अख्खा अध्याय आहे, पहिले राजे, अध्याय १३, आणि त्यावरचा संदेश मी आमच्या चर्चमध्ये कधी ऐकल्याचं आठवत नाही. यहूदाहून एक देवाचा माणूस बेथेलला येतो, राजाच्या तोंडावर वेदीविरुद्ध बोलतो. त्याला देवाने स्वतः सांगितलेलं असतं: तिथे जेवू नकोस, पाणी पिऊ नकोस, आल्या वाटेने परत जाऊ नकोस. तो राजाचं आमंत्रणही नाकारतो. मग गावातला एक म्हातारा संदेष्टा त्याला गाठतो आणि म्हणतो, मीही तुझ्यासारखाच संदेष्टा आहे, देवदूताने मला सांगितलं, याला घरी आण, जेवू घाल. ग्रंथकार लगेच तीन शब्दांत सांगून टाकतो: तो खोटे बोलला. पाहुणा जेवतो. परतताना वाटेत सिंह त्याला मारतो, आणि सिंह आणि गाढव प्रेताशेजारी उभे राहतात, सिंह प्रेत खात नाही आणि गाढवाला इजा करत नाही. इतकी चमत्कारिक आणि इतकी निर्दय गोष्ट क्वचितच सापडेल. म्हातारा का खोटं बोलला ते सांगितलेलं नाही. पण शिक्षा होते ती ऐकणाऱ्याला, कारण स्वतःला जे स्पष्ट कळलं होतं ते त्याने दुसऱ्याच्या "मला देवदूताने सांगितलं"पुढे सोडलं. नगरच्या स्थळाच्या वेळी आजीला हा अध्याय माहीत होता की नाही कोण जाणे, पण तिने विचारलं ते तेच.

याच्या समोर शमुवेलाची रात्र ठेवा. चौथ्या हाकेला मुलगा म्हणतो, बोल, तुझा दास ऐकत आहे, आणि जो संदेश मिळतो तो एलीच्याच घराण्याच्या नाशाचा. सांगताना पोराची बोबडी वळते. एली त्याला शपथ घालून सगळं सांगायला लावतो, आणि ऐकून म्हणतो, तो परमेश्वर आहे, त्याला बरे दिसेल ते तो करो. ऐकणाऱ्याला या आवाजातून काही मिळत नाही, आणि तो आवाज देवाचा आहे असं ठरवणाऱ्याचं तर सर्वस्व जातं. माझी कसोटी इथून येते. ज्या वाणीने सांगणाऱ्याचा मान, पैसा किंवा दुसऱ्यावरचा ताबा वाढतो, ती मी सर्वांत शेवटी खरी मानतो.

पण कसोटी लावायची कुणी? पौलाने करिंथकरांस लिहिलं ते सोपं आहे: संदेष्ट्यांपैकी दोघातिघांनी बोलावं आणि इतरांनी पारख करावी. म्हणजे बोलणारा एक, पारखणारे दुसरे. कॅथलिकांनी याची कार्यालयीन वाट करून ठेवली आहे. मे २०२४ च्या नव्या नियमांप्रमाणे कुठे दर्शन किंवा वाणीचा दावा झाला तर बिशपने चौकशी करायची, कागद रोमला पाठवायचे, आणि निर्णय सहा प्रकारांतला एक. त्यांतला सर्वांत अनुकूल निर्णयसुद्धा "हे देवाचंच आहे" असं म्हणत नाही, "अडचण नाही" एवढंच म्हणतो. सोलापुरातला असा दावा पुण्याच्या बिशपांकडे जाईल. जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळकाच्या शेजारी कमिटी असते. तिच्या मीटिंगा कंटाळवाण्या आणि भांडखोर असतात, पण पाळकाला "साहेब, हे काही पटत नाही" म्हणणारी चार माणसं तरी तिथे असतात. भाड्याच्या हॉलमध्ये नव्याने सुरू झालेल्या स्वतंत्र सभांत पुष्कळदा आवाज ऐकणारे, तो सांगणारे आणि तो खरा ठरवणारे एकच गृहस्थ असतात. काही फार प्रामाणिक असतात, मी ओळखतो अशांना. पण प्रामाणिक माणसालाही पारखणारे लागतात. अशा सभेत जायला लागलेल्या ओळखीच्यांना मी गाणी, साक्षी, गर्दी यांबद्दल काही बोलत नाही. एवढंच विचारून यायला सांगतो: पास्टरांना आलेला एखादा आवाज देवाचा नव्हता असं तुमच्यात शेवटचं कधी ठरलं, आणि ते कुणी ठरवलं?